शिबंदी

हर्णैची मुक्कामी गाडी पाच दहाला सुटते.
पावणेपाचला मी मनवाला गोधडीसकट उचलते
आणि रुकय्याचाचीची कडी वाजवते, एकदाच,
दोनदा वाजवली की तिचा नातू उठतो.
दार उघडतं. अंधारातून हात पुढे येतात,
हातांना सोड्यांचा वास.
गोधडी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते.
आम्ही बोलत नाही.

अंगणवाडी दहाला उघडते, आणि तीन वर्षं पुरी लागतात.
मनवाला सात महिने कमी.
सासूबाई फोटोत. आई मंडणगडला, बाबांच्या लकव्यापाशी.
मी दापोली डेपोत कंडक्टर, सहाला हजेरी.
आणि तिचा बाप, हवालदार सुधाकर झगडे,
आहे तिथलं नाव सांगत नाही.
एवढंच म्हणतो, पाण्याची बाटली पोटाशी घेऊन झोपतो,
नाहीतर सकाळी तिचा दगड होतो.

मार्गशीर्षात एक रजा मोडून रत्नागिरीला गेले,
जिल्हा सैनिक कार्यालयात. चार-पाच तास, पोर मांडीवर.
टेबलामागचे निवृत्त सुभेदार, भला माणूस,
चहा मागवला, मनवाला बिस्कीट दिलं,
फाइल पुढून मागून चाळली.
"पाळणाघर असतं, वहिनी. पण छावणीत.
तेही शांत ठिकाणी बदली असली तर.
हर्णैला कुठली छावणी?"
"किल्ला आहे," मी म्हटलं.
ते हसले. हसण्यासारखंच होतं.

लिलाव आटोपल्यावर बंदरावरून तो दिसतो,
सुवर्णदुर्ग, पाण्यात बसलेला, आत कुणी नाही.
वेढे, तहतोफा, सगळं शाळेत पाठ केलं होतं.
शिबंदीतल्या बायका पहाटे दळायला उठायच्या
तेव्हा तान्ही कुणाच्या ओट्यावर ठेवायच्या,
हे काही धड्यात नव्हतं.

चाची महिन्याचे बाराशे घेते. दोनदा मोजते.
मला ते बरं वाटतं.

एकदा तिला ताप होता.
मनवा माझ्या सीटवर, कॅशबॅगेवर डोकं ठेवून झोपलेली,
आणि आसूदला चेकर चढला.
"हे लेकरू कुणाचं?"
माझा हात दोरीवर, तसाच.
मागून एक कोळीण, पायाशी टोपली, म्हणाली,
"माझी नात हाय."
"नाव काय हिचं?"
"नाव कशाला पायजे? पाच वर्सांखाली तिकीट न्हाय ना?"
सगळी गाडी खिडकीबाहेर बघत होती.
चेकर उतरला. मी बेल दिली.
बाईचं नाव विचारायचं राहिलं.

गेल्या रविवारी त्याचा फोन लागला, चित्रासकट.
मनवा पडद्याला नाक लावून ओरडली, "अब्बा!"
चाचीची नातवंडं त्यांच्या बापाला तसंच हाकारतात.
तो गप्प.
मला वाटलं रेंज गेली.
मग त्या तिथून, पट्ट्यासकट टोपी नीट करून,
तो म्हणाला, "हाजिर."

ईदनंतर चाची लेकाकडे बहरीनला जाणार, दोन महिने.
त्याला अजून सांगितलेलं नाही.
हल्ली गल्लीतून येता-जाता
मी दारांच्या कड्या बघते:
कुठली हलक्या हाताने वाजेल.