पाचवं

रावेर. मे. रात्रीचे सव्वाअकरा.
पंख्याखाली मी, आणि पाच मॉडेलं.
एक म्हणतं, उद्या वारा ताशी बारा.
दुसरं चौदा. तिसरंही तेच, जरा उशिरा.
चौथं गेल्या आठवड्यात तोंडावर पडलेलं;
त्याचं वजन मी निम्मं केलंय.
पाचवं एकटंच ओरडतं : बासष्ट.

बेरीज, भागाकार. चोवीसच्या आसपास.
चोवीसला केळीची पानं फाटतात,
घड जागचा हलत नाही.
पण चोवीस तर
कुणीच म्हणालं नव्हतं.

लीलाधर फालकांचा फोन.
'अठराशे खोडं, घड भरत आलेले.
टेकूला माणसं उठवू का नको,
सांग वं बहीण.'

सरासरी ओठांवर आली होती.
म्हटलं, भाऊ, चौघं म्हणतात झोपा.
एक म्हणतं उठा.

'ते एक कसं आहे?'
चुकतं बऱ्याचदा.
'आणि बरोबर येतं तेव्हा?'

मी गप्प. तिकडे खाट करकरली,
कुणाला तरी हाक गेली,
फोन तसाच चालू.

बाहेर आले. कुंपणापलीकडची बाग
पान न हलवता उभी.
बोट जिभेला लावून वर धरलं.
सहावं
काहीच बोललं नाही.