भुशाचं रेडकू

कुरिअरवाला सही घेऊन गेला, तेव्हा कुपी रिकामीच वाटली.
खिडकीशी धरली, तर तळाला चिकटलेली पांढरी वाफ.
एक मिलिग्रॅम.
पंधरा अमिनो आम्लं, यंत्रानं एकामागे एक ओवलेली,
एका प्रथिनाच्या शेपटाची नक्कल,
कुठल्याच जिवात न जन्मलेली.
किंमत विचारू नका.
माझी तीन महिन्यांची फेलोशिप,
आणि तीही अजून जमा व्हायचीय.

दुपारी दोनला परभणीची लाईट गेली.
मुंजाजी सायकलवर बर्फ घेऊन आला,
गंगाखेड रोडच्या रसवंतीतून,
गोणपाटात गुंडाळलेला, उसाचा वास लागलेला.
थर्माकोलच्या डब्यात मी कुपी रोवली
आणि शेजारी दुसरी:
सशाच्या रक्तातून काढलेलं प्रतिपिंड,
ज्याच्या भरवशावर तीन वर्षं
मेंढ्यांच्या मेंदूत तपकिरी पेशी मोजतेय.
चार हजार एकशे सहा.

"हे कामून मिसळायलाव, मॅडम?"

मी सांगू लागले.
प्रतिपिंडाला दोन हात असतात,
ज्याला धरायचं त्यालाच धरतात म्हणे.
ते हात आधीच या नकली तुकड्यानं भरून टाकायचे,
रात्रभर, गारव्यात,
मग सोडायचं मेंदूच्या कापावर.
हात भरलेले, तर कुणाला धरणार?
रंग चढायला नको.
चढलाच, तर समजायचं

"म्हंजे भुशाचं रेडकू," मुंजाजी म्हणाला.

त्यांच्या मोरीचं रेडकू आठव्या दिवशी गेलं.
बापानं कातडं सोलून वाळवलं, भुसा भरला,
सुतळीनं शिवलं, चार काठ्यांचे पाय लावले,
आणि धारेच्या वेळी तिच्या तोंडापुढे उभं केलं.
मोरी चाटत राहिली.
पान्हा उतरला.
"आई रडायलती. बाप धार काढायलता."
एवढं बोलून तो बरण्या विसळायला गेला.

दुसऱ्या संध्याकाळी दोन काचपट्ट्या.
एकीवर नेहमीचा तपकिरी,
हिप्पोकॅम्पसच्या वळणावर काताचे ठिपके.
दुसरीवर फक्त निळं.
कोपऱ्याकोपऱ्यात फिरवून पाहिली: निळं.
पेडगावकर सरांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं,
आणि पेढे आणायला माणूस धाडला.
"संपलं. एक ओळ लिहून टाक, रंग खराच आहे."

पेढा हातात घेऊन मुंजाजी दारात थांबला.
"पर मॅडम, एक हाय.
मोरी मंग शेजारच्याचंबी रेडकू चाटायची.
कुत्र्याचं पिल्लूबी चाटलं एकदा."

रात्री हॉस्टेलच्या खोलीत पंखा आचके देत होता.
निळी पट्टी एवढंच सांगते
की तिला भुशाचं रेडकू ओळखू येतं.
मेंदूच्या अंधाऱ्या गोठ्यात
ती नेमकं कुणाला चाटत होती,
ते या पट्टीला ठाऊक नाही.
पंधरातली सहा अक्षरं जुळणारं
दुसरं कुणी तिथं उभं असेल,
आणि हात भरलेले, म्हणून तेही सुटलं असेल.
खरी परीक्षा वेगळी:
असा प्राणी, ज्याच्यात ते रेडकू जन्मलंच नाही.
त्याच्या रिकाम्या गोठ्यातही ती चाटत राहिली, तर...
असे उंदीर असतात म्हणे,
कुठल्या कुठल्या शहरांत, काचेआड, नंबर लावलेले.
माझ्याकडे मेंढ्या आहेत, बाजारच्या,
आणि त्यांच्यात सगळंच जन्मलेलं.

मी लिहिलं:
नकली तुकड्यानं प्रतिपिंड अडतं, एवढं दिसलं.
ते मेंदूत कुणाला धरतं, हे यावरून ठरत नाही.
सरांनी दुसरं वाक्य खोडलं.
मी ते परत लिहिलं.
पुन्हा खोडलं, या वेळी कागद फाटेल असं.

बर्फ वितळून गेला होता.
मुंजाजीनं डब्यातलं गोडसर वासाचं पाणी
दारातल्या कडुनिंबाला ओतलं.
उरलेलं पेप्टाइड मी फ्रीजरात ठेवलं, तारीख टाकून,
आणि वहीत मागे जाऊन
चार हजार एकशे सहा या आकड्याभोवती
गोल काढला.
पेन्सिलीनं.