ओरखडा क्रमांक चार

बेतिनाच्या धक्क्यावर आमची टपरी.
पाटीवर दर : अर्धा दिवस, पूर्ण दिवस, पेट्रोल वेगळं.
उन्हाळाभर माझं एकच पालुपद :
साडेसहा मीटर, आठ माणसं, नव्वद घोड्यांचं इंजिन,
सातच्या आत परत,
आणि बोरा वारा सुटला तर शहाणपणा करू नका,
जवळच्या खाडीत नांगर टाका, मला फोन करा.

जर्मन लिहून घेतात.
झाग्रेबची पोरं माना डोलावतात
आणि बियरचे खोके चढवत राहतात.

सप्टेंबरचा दुसरा मंगळवार आला की
बार्बा येरोलिम येतो.
इस्त्रीचा शर्ट, पिशवीत पाव, सार्डिनचा एक डबा.
रांग नसली तरी रांगेत उभा राहतो,
ओळखपत्र सरकवतो : पूर्ण दिवस.

बोट त्याचीच होती.
सहा वर्षांपूर्वी हप्ते थकले,
बँकेने ओढून नेली, माझ्या काकाने स्वस्तात उचलली.
नाव खरवडून तिथे आमचा फोन नंबर रंगवला.
ऊन तिरपं झालं की
आकड्यांच्या खालून
तोन्का
अजून वाचता येतं.

"तुम्हाला मी काय सांगायचं, बार्बा?"
"सगळ्यांना सांगतेस तेच."
मग सांगते. किल्ली अशी. थ्रॉटल हळू.
जॅकेट बाकाखाली, आठ, मोजून घ्या.
पहिल्या बाकावरच्या मुलासारखा तो ऐकतो.
एकदाच तोंडून निसटतं,
"डावीकडे ओढते ती,"
आणि लगेच समुद्राकडे बघतो.

मग ओरखड्यांचा कागद.
वरून पाहिलेली बोट, भरताच्या वांग्यासारखी,
खरवडलंय तिथे फुली.
एक, दोन, तीन : सगळ्या याच मोसमातल्या.
तो गुडघ्यांवर बसतो, गुडघे वाजतात,
बोटीच्या उजव्या कडेखालून बोट फिरवतो, थांबतो.
"ही चौथी. लिही."
माझ्या यादीत ती कधीच नव्हती.
"पोरीचं लग्न होतं. अकरा जण चढले होते,
सगळे गात होते,
आणि मी धक्का सोडून तिच्याकडेच बघत होतो.
लिही म्हणतो ना.
नाहीतर संध्याकाळी माझ्या अनामतीतून कापशील."

मी फुली मारली.
त्याने चष्मा लावून ती तपासली, मग सही केली.

कुठे गेला, विचारलं नाही.
सातला दहा कमी असताना परतला.
टाकी काठोकाठ, डेक धुतलेला,
आठही जॅकेट घड्या घालून,
वापरलं असेल फार तर एक.
अनामतीच्या नोटा त्याने दोनदा मोजल्या.

आज बुधवार. श्टुटगार्टचं कुटुंब टोप्या घालून तयार,
आणि दोर काही सुटत नाही.
बार्बाने बांधलेली गाठ :
आमच्या माहितीपत्रकातल्या तीन गाठींत ती नाही.
काका सुरी घेऊन आलाय.
थांब, म्हणते मी,
अजून एकदा बघू दे.