दिसेल तिथंच

साखरपेठेत, खाली मागांची खटखट,
वर माळ्यावर आमचा डाव.
इरेशच्या जादूगाराला राक्षसानं धरलंय.
तो म्हणतो, उडी. गायब. थेट पलीकडच्या कड्यावर.

अंगावरचं सोबत जातं, एवढंच पुस्तकात.
मग राक्षसाचं काय बे?
मी त्याचं मनगट धरून दाखवलं: असं.
आता कोण कुणाच्या अंगावर?

पद्मजानं शेंगाचटणीच्या बोटांनी पान उलटलं.
"डोळ्यांना दिसेल तिथंच जाता येतं.
कड्यावर धुकं आहे."

तेवढ्यात लाईट गेली.
माग एकदम गप्प.
अंधारात इरेश म्हणाला,
"पुण्याची नोकरी घेतलीय. एक तारखेपासून."

फासा कुठंतरी सतरंजीवर होता.
मनगट अजून माझ्याच हातात,
घामेजलेलं.
घाम त्याचा की माझा,
कळेना.