उर्वरित अंश

काचेच्या ग्लासात, धातूच्या नाही.
गोळी विरघळायला तीन मिनिटं घेते.
तोवर शलाका दप्तर भरते,
मग पिते. तळाशी राहिलेला पांढरा गाळ
पुन्हा चमचाभर पाण्यात ढवळून पिते
आणि जीभ काढून दाखवते मला:
संपलं.
आता अर्धा तास काही खायचं नाही.
शाळेची व्हॅन गंगापूर रोडवरून वळते
ती नेमकी एकोणतिसाव्या मिनिटाला.

माझी नोकरी पिंपळगावच्या लॅबमध्ये.
द्राक्षांचा लगदा करून मशीनला घालायचा,
मशीन सांगतं कुठल्या औषधाचा किती अंश उरला.
आमच्याकडे फवारणीलाही औषधच म्हणतात.
कोणी पिऊन गेला, तरी म्हणतात, औषध घेतलं.
शब्द एकच. डबा बघून अर्थ लावायचा.

दर एकविसाव्या दिवशी तिला पिशवी चढते.
पिशवीवर नाव नसतं, नंबर असतो.
त्या अनोळखी माणसाचं लोखंड
पाहुणं म्हणून येतं
आणि कूळ होऊन बसतं,
यकृतात, काळजात.
घरातली लोखंडी कढई सीमाने
भद्रकालीत मोडीत घातली.
निरगुडे वहिनी अजून जिन्यात गाठतात:
पोरगी पांढरी पडलीय हो, खजूर द्या, गूळ-शेंगदाणे द्या.
आम्ही तिला जेवताना कोरा चहा देतो.
वहिनींनी आमच्याशी बोलणं कमी केलंय.

पहिल्या दिवशी मी मॅडमना विचारलं होतं, सेफ आहे ना?
मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.
"गोळी न घेणं सेफ नाही, हे लिहून देते.
घेणं किती सेफ, ते आपण मोजत राहू."
मग मोजत राहिलो.
महिन्याला क्रिएटिनीन, एसजीपीटी, लघवीतलं प्रोटीन,
वर्षाला कान, डोळे.
जुलाब लागले तर गोळी थांबवून फोन.
फाइल इतकी फुगली की तिला आता नाडी बांधतो.

तरी फेरिटिन चार हजारांच्या वर.
दुसरी गोळी जोडली.
लघवी तांबूस झाली, तेव्हा सीमा मोरीत रडली,
मी म्हणालो, अगं लोखंडच जातंय बाहेर,
आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिलो.
दर मंगळवारी बोटभर रक्त, पांढऱ्या पेशी मोजायला.

शनिवार होता. सीझन भरात,
कंटेनर थांबलेले, रिपोर्ट माझ्या सहीसाठी अडलेले.
घरून फोन: एकशे एक ताप.
फ्रिजवर मॅडमच्या हस्ताक्षरात चिकटवलेलं:
ताप आला तर आधी गोळी बंद, मग मला फोन, मग बाकी सगळं.
द्वारकेच्या सर्कलला सिग्नल तुटला माझ्याकडून.
न्यूट्रोफिल तीनशे.

आठ दिवस काचेपलीकडे.
मी आयुष्यभर आकडे खाली यावेत म्हणून बसलेला माणूस,
द्राक्षांतले, फेरिटिनचे, क्रिएटिनीनचे.
पहिल्यांदाच एका आकड्याला म्हणत होतो,
वाढ रे बाबा. वाढ.
चारशे. तीनशे साठ. सहाशे दहा.
नवव्या दिवशी अकराशे,
आणि तिने ऑम्लेट मागितलं.

ती दुसरी गोळी आता कधीच नाही.
फाइलवर लाल पेनाने, दोनदा अधोरेखित.
जुनीच पुन्हा, वजनावर मोजून.
ती दर महिन्याला काट्यावर उभी राहते,
अर्धा किलो वाढली तर हात वर करते.

परवा लॅबमध्ये आली होती.
टेबलावर दोन ट्रे, दोन्हीत सारखेच घड.
"यातले नापास कुठले?"
डावीकडचे.
"मग ते कोण खातं?"
मी मशीनचं झाकण लावलं.
"बाबा, कोण खातं?"

रात्री घरी आणलेली द्राक्षं
तिने मिठाच्या पाण्यात टाकली,
धुतली, पुन्हा धुतली,
एकेक उजेडात धरून पाहिली.
सकाळी ग्लासही तसाच धरला,
खिडकीकडे.
जीभ दाखवली नाही.
मी विचारलं नाही.
खाली व्हॅनचा हॉर्न वाजला, आज दोन मिनिटं आधी.
आम्ही दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं.
थांबायला सांग त्यांना, म्हणाली.