जाऊन-येऊन

व्हिएतनामातल्या ह्वे गावातून
एका दिवसात कुठं कुठं जाऊन येता येईल
ह्याचा तक्ता चौगुले करत बसलेत परवापासून,
आमच्या जेवणाच्या टेबलावर,
जुन्या वेबिलांच्या कोऱ्या पाठींवर, लाल-निळ्या पेन्सिलीनं.

प्रणोती तिथं शाळेत शिकवते.
म्हणाली, या पंधरा दिवस, तिकिटं मी काढते.
ह्यांनी हवा कशी विचारलं नाही, जेवण कसलं विचारलं नाही.
विचारलं, स्टँड गावात आहे का गावाबाहेर?

एकतीस वर्षं हा माणूस सीबीएसच्या चौकशी खिडकीत होता.
जाळीपलीकडून बोटं यायची, आवाज यायचे :
वाडीला आत्ता आहे का? जोतिबाची लागली का?
आणि हे, चहाचा घोट न मोडता,
"फलाट चार, सव्वानऊ, परतीची शेवटची साडेसहा."
कुणाच्या सासूचा नवस, कुणाची शाळेची सहल,
कुणा नव्या जोडप्याची पन्हाळ्यावरची दुपार,
सगळं ह्यांनी दिवेलागणीला ज्याच्या त्याच्या घरी आणून सोडलं.

आता पुढ्यात परका नकाशा.
नदी गावाच्या मधून, एका काठाला राजाचा कोट.
"आपली पंचगंगा जुन्या राजवाड्याला खेटून गेली असती
तर असंच दिसलं असतं," म्हणतात.
दा नांग शंभर किलोमीटर, म्हणजे बेळगावच्या जरा अलीकडं.
"निपाणीत चहा" लिहिलं, मग खोडलं.
वाटेत घाट, समुद्राच्या अंगावर उभा, ढगात बुडालेला.
त्यासाठी खालच्या मजल्यावरून मेहबूबभाई आले,
बावीस वर्षं गगनबावड्याच्या गाडीवर होते.
फोटो लांब धरून बघितला.
"वळणं बरी हाईत. धुकं आपल्याइतकं न्हाई.
चढायचं ते सकाळी. दुपारी डायवर पेंगतोय."
दुपारी डायवर पेंगतो
हे ह्यांनी लाल पेन्सिलीनं लिहून घेतलं.

मग आलं मी सोन. नावच तसं आहे.
डोंगरांच्या मध्ये विटांची देवळं, महादेवाची,
हजार वर्षांची, बरीचशी बॉम्बनं पडलेली.
चौगुल्यांनी चष्मा कपाळावर घेतला.
"रत्ना, महादेव. एवढ्या लांब.
जाऊन-येऊन सात तास. बसवतो कसंतरी."

मी मेथी निवडत होते.
म्हटलं, आणि खिद्रापूर किती तासांचं?

"सव्वासात, जयसिंगपूरला उतरून..."
तोंड सवयीनं सुरू झालं आणि अर्ध्यात बंद पडलं.

तेहेतीस वर्षं झाली लग्नाला.
त्या देवळाच्या मंडपाला वर छप्पर नाही म्हणतात,
गोल उघडं, आभाळ खाली खांबांत उतरतं म्हणतात.
म्हणतातच.
सुट्टीच्या दिवशी ह्यांना गाडी नजरेला नको असायची.

एकदा मी गेले होते. खिद्रापूरला नाही, खिडकीपर्यंत.
जांभळी इरकल नेसून रांगेत उभी राहिले.
पुढं एक म्हातारा, त्याच्या पुढं एक कॉलेजची पोरगी.
माझा नंबर आला.
मान वर न करता म्हणाले, बोला, कुठं?

मी म्हटलं, डबा विसरला होता तुमचा.

आज तक्ता पुरा झाला. सात दिवस, सात ओळी,
निघणे, पोहोचणे, परतीची शेवटची.
सगळ्यात वर, रेघेच्याही वर, बारीक अक्षरात घुसडलेली आठवी :
खिद्रापूर. मंगळवार.
वेळेचे रकाने कोरे.

हे काय, म्हटलं, तुम्हाला तर पाठ आहे.
"गाड्या बदलल्यात गं सगळ्या. चौकशीला विचारायला हवं.
आता कोण नवी पोरगी बसते तिथं, मला ओळखत नाही."
पेन्सिलीला टोक काढत राहिले बराच वेळ.
"आपण जाऊ. रांगेत तू पुढं उभी राहा.
मला नाही जमायचं बाहेरून विचारायला."