खोडरबर

वडगावात, नेकार गल्लीच्या तोंडाला
माझं दुकान. सात बाय नऊ.
रॅम बिघडली म्हणून कुणी आलं
की मी आधी खोडरबर काढतो,
शाळेतलाच, दोन रुपयांचा,
आणि पट्टीचे सोनेरी दात घासतो.
दहातल्या सहा पुन्हा बोलू लागतात.
खोडून आठवण परत येते
हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही.

दुपारी तीनला हेस्कॉमची लाईट जाते.
गल्लीतले माग एकदम गप्प.
समोर निंगव्वा धोटा मांडीवर घेऊन बसते.
तिचं अर्धं लुगडं जिथं होतं तिथंच,
काठातला एक धागा विसरलेला नाही.
माझ्या टेबलावर मात्र
कुणाचा तरी सेव्ह न केलेला बायोडाटा
गेला.
कुठं गेला, विचारू नये.

मुतगेकरांची वैभवी उद्यमबागेत शिकते.
म्हणाली, मामा, जुनी मेमरी विणलेलीच असायची,
बारीक मण्यांतून तारा ओवून, बायकांच्या हातांनी;
वीज गेली तरी मण्यांना ठाऊक असायचं.
आता फिरून तसंच काहीसं येणार.
प्रवाह जितका जाईल तितकी वाट मळेल
आणि अंधारातही मळलेली राहील.
हिशेब ठेवलाय तिथंच सुटेल,
इकडून तिकडं हेलपाटे नकोत.

निंगव्वा ऐकत होती.
नेयोदू म्हणजे विणणं, नेनपु म्हणजे आठवण,
तिच्या भाषेत दोन्हींचं तोंड सारखं.
"हौद री," म्हणाली, जसं काही
हे तिला आधीच कळवलेलं होतं.

मला वेगळीच काळजी.
वीस वर्षं मी गिऱ्हाइकाला एकच औषध देतोय:
बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा.
न विसरणारं यंत्र अडलं तर
त्याला काय सांगू?

ज्या वर्षी माझ्या बोर्डाला काळं फासलं
त्या पोरांत निंगव्वाचा बाळेश होता.
मी पाहिलं होतं. त्यानं पाहिलं होतं की मी पाहिलं.
आता तोच येतो पेनड्राइव्ह घेऊन,
मुलीच्या शाळेचे फोटो काढून द्या म्हणतो,
अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये,
मीही तसंच अर्धं अर्धं उत्तर देतो.
लाईट किती वेळा गेली असेल मधल्या काळात,
आम्ही दोघं किती वेळा पहिल्यापासून सुरू झालो असू.

वैभवी म्हणाली, विसरणं मुद्दाम शिकवावं लागेल, मामा.
नुसती लाईट जाऊन भागणार नाही.

पावणेचारला माग खडखडले.
बाळेश दारात, हातात जुनी पट्टी.
"नोड्री जरा, हे उठतच नाही."
बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात
डांबराचा एक ठिपका अजून आहे,
रॉकेलनंही निघाला नव्हता.
मी पट्टी घेतली
आणि ड्रॉवरमध्ये खोडरबर शोधू लागलो.